आतंकाचा चौथा अर्थ

खाडीकाठ, ता. पेण
५ जानेवारी २०२६

शास्त्रीबुवा दादा,

इथूनच रोह्याच्या दिशेने हात जोडले आहेत असं समज. फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तर माझं व्याकरण सुधारतोस. म्हणून पत्र. पत्रात निदान मला मध्येच तोडता येणार नाही तुला.

काम असं आहे. १४ फेब्रुवारीला आपल्या गावात सागर रक्षक दलाचा मेळावा आहे. खाडीकाठच्या सगळ्या गावांचे लोक येतील, ठाण्यातले साहेब येतील. साहेबांचा हुकूम आला: "पोलीस पाटील, तुम्ही दहा मिनिटं बोला." विषय, "दहशतवादाचे बदलते स्वरूप". अरे, मी गावात बायकांची भांडणं सोडवणारी पोलीस पाटील. माझ्यापुढे स्वरूप बदललंय ते फक्त भांडणाचं, पूर्वी पाण्यावरून व्हायची, आता स्टेटसवरून होतात. तर भाषण तू लिहून दे. सोपं लिही. मागे शाळेच्या उद्घाटनाचं लिहून दिलंस, तेव्हा काशीबाई मला विचारत होती, "अनिता गो, सराध कुनाचं व्हतं?"

पुढच्या आठवड्यात आमची कवायतही आहे. तुला माहीत आहे ना? पोलीसच अतिरेक्यांचं सोंग घेऊन खाडीतून शिरतात आणि आम्ही त्यांना पकडायचं. पक्की तयारी करून येतात, खोटी ओळखपत्रं, खोटे शिक्के, सगळं. मागच्या वेळी कान्हूकाकाने बुटांवरून ओळखलं. चिखलाच्या बांधावरून पॉलिश केलेले बूट घालून कोण चालतं? मग काशीबाईने त्यांना भाकरी-कालवण वाढलं. साहेब म्हणाले, अतिरेक्यांना जेवण कसलं देता? ती म्हणते, "सोंग घेतलं म्हून पोट पन सोंगाचं झालं काय?"

भाषणाचं विसरू नकोस. मालूवहिनीला विचारलं म्हणून सांग.

तुझी चुलत बहीण, आणि सध्या तुझी यजमान,
अनिता

*

रोहा
११ जानेवारी २०२६

चि. अनितास,

आशीर्वाद पाठवतो आहे. पेण-रोहा हे तासाभराचं अंतर पोस्ट चार दिवसांत कापतं, तेव्हा ते थोडे शिळे होऊन पोचतील. गरम करून घे.

तुझा विषय वाचला. आधी शब्द पाहू, कारण मला दुसरं काही येत नाही. "दहशत" फारसी, "वाद" संस्कृत. दोन घरची माणसं, पण संसार असा जमलाय की आता वेगळं करता येत नाही. हिंदीवाले आतंकवाद म्हणतात. "आतंक" मात्र अस्सल संस्कृत. जुन्या कोशांत त्याचे चार अर्थ सापडतात. पहिला रोग, दुसरा ताप म्हणजे मनस्ताप, तिसरा शंका. चौथा मृदंगाचा नाद. चौथ्याचा तुला उपयोग नाही, तो सोडून दे.

पण पहिल्या तिघांत तुझं भाषण आहे बघ. त्र्याण्णव साली आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पेट्या उतरल्या. रोग बाहेरून येतो, तसा. कुठून तरी आला, होडीतून उतरला आणि मुंबईत जाऊन फुटला. आपल्या गावात तेव्हा लोक काय म्हणायचे, आठवतं? असेल चांदी, असतील घड्याळं, आपल्याला काय करायचंय. नंतर दोन हजार आठला पेट्या नव्हेत, माणसंच समुद्रातून आली, आणि कानाला फोन लावून कुणाचं तरी ऐकत मारत सुटली. आपण तीन दिवस टीव्हीपुढे बसून तापलो. तो ताप. तेव्हापासून सरकारला कळलं की खाडीवर रात्रंदिवस असणारा माणूस कान्हूकाका आहे, आणि त्याला विचारलेलं बरं.

पुढे होडीही लागेनाशी झाली. कुठल्या तरी खोलीत एकटा पोरगा बसतो, फोनवर वाचतो, पाहतो, आणि ज्याला कधी भेटला नाही अशा माणसाच्या नावाने सुरा उचलतो. ना पेटी, ना होडी, ना हुकूम. त्याला कुठल्या बांधावर अडवणार?

तिसऱ्या अर्थावर, म्हणजे शंकेवर, अजून विचार चालू आहे. कवायत कशी झाली ते सविस्तर कळव, भाषणात घालू.

तुझा,
दिनानाथ

*

खाडीकाठ
२१ जानेवारी २०२६

दादा,

पत्र पोचलं. आतंकाचे चार अर्थ वाचून माझ्या पोटात पाचवा उठला.

कवायतीचं विचारलंस. एक जण पकडला. बाकी ठीक. आगरात मीठ धरायला लागलंय, कामं खूप, म्हणून थोडक्यात लिहिते.

दोन प्रश्न आहेत. एक, चुकून कुणाला त्रास झाला तर तुमच्या शास्त्रात त्याला काय करतात? उगाच विचारतेय. दुसरा, रोह्यात कुठला व्हिडिओ आलाय का, इकडच्या खाडीचा?

अनिता

*

रोहा
२६ जानेवारी २०२६

चि. अनितास,

झेंडावंदन करून आलो आणि लिहायला बसलो. तुझं एवढंसं पत्र तीनदा वाचलं, तरी चहा निवला नाही. तू थोडक्यात सांगतेस तेव्हा काहीतरी फुटलेलं असतं. चौऱ्याऐंशी साली माझी दौत फुटली, तेव्हाही तू एकच वाक्य बोलली होतीस, "बाकी ठीक आहे."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: प्रायश्चित्त. त्याची पहिली पायरी म्हणजे झालं ते सगळ्यांसमोर सांगणं. ही पायरी इतकी उंच असते की पुढच्या पायऱ्या शास्त्रकारांनी उगाच लिहिल्या असं मला वाटतं.

दुसरं, हो, व्हिडिओ आलाय. आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "धरमतर खाडीत अतिरेकी जिवंत पकडला, सर्वांना कळवा." देवळाच्या खांबाला एक दाढीवाला बांधलेला आहे, शेजारी नारिंगी पेटी. सव्वीस सेकंद. मी आपला अभिमानाने सांगत होतो, ही आमची माणसं. ड्रॉइंगच्या सरांनी तर पेटीत काय असेल ह्याचं चित्रही फळ्यावर काढलं. लोक असलं न तपासता पुढे ढकलतात ह्याचं मला नवल वाटतं. तिसरा अर्थ सापडला बघ. आता अतिरेक्याला यायचीही गरज उरली नाही. तो आल्याची बातमी पुरते. शंका आपण घरच्या घरी पिकवतो आणि शेजारी वाटतो. मी अर्थातच असल्या भानगडीत पडत नाही.

मालू म्हणते, चेहरा ओळखीचा वाटतो. मालूला सगळेच चेहरे ओळखीचे वाटतात. मागे तिने एका मंत्र्याला आपला कासू गावचा आतेभाऊ समजून स्टेशनवर हाक मारली होती.

पण तो पोलीस इतका हुबेहूब घाबरलेला कसा दिसतो? नट चांगला आहे.

दिनानाथ

*

खाडीकाठ
३१ जानेवारी २०२६

दादा,

तो नट नाही. पोलीसही नाही. आता सगळं लिहिते, मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही.

१३ तारखेला दुपारी कान्हूकाका धावत आला. "अनिता, आले गो! एक हाय बांदावर, पेटी घेऊन." आम्ही गेलो. बांधाच्या उघाडीपाशी, खाडीचं पाणी अडवायच्या दारापाशी, एक दाढीवाला पोरगा नारिंगी पेटी घेऊन बसलेला. पेटीतून वायर पाण्यात सोडलेली, आणि हा पेटीवर बोटांनी ठोकत होता. थांबून ऐकायचा, पुन्हा ठोकायचा. कान्हूकाका कुजबुजला, "बाँब वाजवून बगतंय."

आम्हांला हसू आलं. पोलिसांनी ह्या वेळी सोंग झकास आणलं म्हणून. मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, ओळखलं! चला." तो म्हणाला, मी साहेब नाही, खाडीत गाळ किती साठलाय ते मोजायला कंपनीने पाठवलंय. आणि कागद दाखवला. शिक्का, सही, फोटो, सगळं बरोबर. दादा, तिथेच आम्ही फसलो. सोंगाड्यांचे कागद नेहमी बरोबरच असतात. त्याने कागद दाखवला नसता तर सोडलाही असता. कागद जितका खरा निघत गेला, तितकी आमची खात्री पटत गेली. तो जितका रडकुंडीला आला, तितकं आम्ही त्याच्या कामाचं कौतुक केलं. मीच म्हटलं, "बांधा." काशीबाईने त्याला हाताने भात भरवला, हात बांधलेले होते ना. म्हणाली, "खा रे बाबा, सोंग मागनं कर." दीड तासाने ठाण्यावरून फोन आला की आज आमचं कुणी आलेलंच नाही.

सोडला. पाया पडलो. तोवर कुणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला होता.

खरी कवायत नंतर सोळा तारखेला झाली. दोन पोलीस सोंग घेऊन आले, देवळात अर्धा तास बसले, टाकीवर "बॉम्ब" लिहिलेली चिठ्ठी चिकटवून निघून गेले. कुणी हटकलंच नाही. सगळे मान खाली घालून बसलेले. साहेबांनी फोनवर जे ऐकवलं ते मी लिहीत नाही, पोस्टमन वाचतो. पण तेही खरंच आहे ना दादा? आधी न विचारता बांधलं, नंतर लाजेने विचारलंच नाही. दोन्ही वेळी गाव उघडंच पडलं.

आता त्या पोराचं. नाव ऋत्विक. रोह्यातच भाड्याने राहतो. घरमालकाने व्हिडिओ बघून खोली सोडायला सांगितलीय. कंपनीने "प्रकरण थंड होईपर्यंत" घरी बसवलंय. १६ फेब्रुवारीपर्यंत गावच्या पोलीस पाटलाने लेखी दिलं नाही की चूक गावाची होती, तर त्याच्या जागी दुसरा माणूस. सोडला त्याच दिवशी तो मला म्हणाला होता, "मावशी, दोन ओळी लिहून द्या." मी म्हटलं, बघते. "बघते" म्हणून अठरा दिवस झाले. लेखी दिलं की माझ्याच सहीची माझ्याविरुद्ध तक्रार होते. हे पद माझ्याकडून जाईल, आणि गावातले काही जण तेवढ्याचीच वाट बघतायत.

आणि आता तुझ्याकडे येते. घरमालकाला व्हिडिओ कुठून आला, ते त्याने ऋत्विकला दाखवलं. रोह्यातल्या एका शिक्षकांच्या ग्रुपवरून. व्हिडिओच्या वर दोन शब्द होते, "सावधाना भवत". दादा, दुसरा कुणीही असता तर "सावधानाः" लिहून विसर्ग दिला असता. इथे संधी करून विसर्ग घालवलाय. लहानपणी ह्याच विसर्गावरून तू मला टपली मारली होतीस, म्हणून मला आठवतं. रोह्यात अशी माणसं किती आहेत, ते तूच मोजून सांग.

अनिता

*

रोहा
४ फेब्रुवारी २०२६

अनिता,

मोजली. एक आहे.

तुझं पत्र वाचून मी आधी चष्मा पुसला, मग तुझ्यावर रागावलो, मग स्वतःवर. हा क्रमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. २६ तारखेला तुला लिहिलं की मी असल्या भानगडीत पडत नाही, तेव्हा मला आठवत होतं की पडलोय. वाटलं, बहिणीसमोर तरी शहाणं दिसावं. व्हिडिओ पाहून मी चेहरा पाहिला नाही, गाव पाहिलं. आपलं देऊळ दिसलं आणि छाती फुगली. तेवढ्याने अंगठा चालला. आणि वर दोन शब्द संस्कृत, म्हणजे खोट्याला शुद्ध भाषेचं सोवळं. घरमालकाने म्हणे तेच वाचून विश्वास ठेवला. "सर उगाच कशाला लिहितील?"

मालू म्हणाली, "मी म्हटलं होतं ना ओळखीचा आहे." ऋत्विक माझा विद्यार्थी निघाला. नववी-दहावीला संस्कृत होतं. बाकावर सारखी बोटं वाजवायचा, म्हणून मी त्याला दोनदा वर्गाबाहेर काढलेलं. त्या मुलाला मी देवळाच्या खांबाशी ओळखलं नाही. दाढी होती म्हणशील, तर दाढी आपल्या आजोबांनाही होती.

त्याच्या खोलीवर गेलो. त्याने दार उघडलं, दाढी काढून टाकलेली. मला पाहून उठायला खुर्ची शोधू लागला, तो उभाच होता तरी, वर्गातली सवय. मी वाक्य तयार करून नेलं होतं, त्यातलं कर्तापद सुचेना. शेवटी एवढंच म्हटलं, "तो मेसेज मी टाकला." तो हसला. म्हणाला, "माहीत आहे सर. संधी बरोबर होता."

अनिता, त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने घरी आलो असतो.

शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी मुलांसमोर सांगितलं. ग्रुपवर लिहिलं, हा माझा विद्यार्थी, ह्याचा काही गुन्हा नाही, गुन्हा माझ्या अंगठ्याचा. त्याला चार अंगठे मिळाले, त्यांतला एक मालूचा. व्हिडिओ अख्ख्या रोह्यात फिरला, खुलासा आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंतही गेला नाही. घरमालकाकडे गेलो. तो म्हणाला, "सर, मला पटलं हो, पण शेजारी?" म्हणून सध्या ऋत्विक आमच्या पुढच्या खोलीत राहतो. शेजाऱ्यांना बघू दे.

खोलीचं जमलं. नोकरी तुझ्या सहीवर आहे, ते मी करू शकत नाही. भाषण मागितलं होतंस. तीन कागद लिहिले होते, रोग, ताप, शंका, सुंदर जमलं होतं. फाडून टाकले. ज्याला अंगठा आवरत नाही, त्याने बदलत्या स्वरूपावर लिहू नये. तुझ्याजवळ दहा मिनिटं आहेत आणि दोन ओळी आहेत. आठ मिनिटं उरतील, त्यात चहा द्या.

ऋत्विकला बोलावशील का मेळाव्याला? तो येतो म्हणतो. मी येत नाही. मी आलो की लोक माझ्याकडे बघतील आणि मी बोलायला लागेन.

दिनानाथ

*

खाडीकाठ
१८ फेब्रुवारी २०२६

दादा,

दोन ओळी वाचल्या. तीन झाल्या खरं म्हणजे, तिसरी आपोआप आली.

साहेब व्यासपीठावर, समोर सात गावांची माणसं, पहिल्या रांगेत ऋत्विक. मी कागद काढला आणि वाचला: "१३ जानेवारीला श्री. ऋत्विक ह्यांना बांधण्याचा हुकूम मी दिला. त्यांची काही चूक नव्हती, त्यांचे कागद खरे होते. बॉम्ब आम्हीच लावला, फक्त तो आवाज न करता फुटला." सही केली, शिक्का मारला, एक प्रत त्याच्या हातात, एक साहेबांच्या. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण उघाडीतून भलतीकडे पाणी शिरताना बघतो. खुलासा मागवलाय. देईन. पद राहील की जाईल ते माहीत नाही. त्या रात्री झोप मात्र लागली.

मग कान्हूकाका उठला, न बोलावता. "पूर्वी होडी यायची, ती दिसायची. मानूस यायचा, तो पन दिसायचा. आता जे येतं ते आपल्याच खिशात येतं नि आपल्याच मानसाच्या नावानं येतं. मंग आता बगायचं कुठं? डोलं तर उगडं ठेवायचंच, त्याला सुट्टी नाय. पन आदी इचारायचं, मंग ठान्यात फोन लावायचा, नि बांदायचं काम आपलं नाय." टाळ्या पडल्या. तुझे फाडलेले तीन कागद ह्यातच बसतात की नाही बघ.

साहेबांनी नवीनच भीती सांगितली. आता म्हणे कंप्युटर कुणाचाही आवाज काढतो, चेहरासुद्धा. उद्या माझ्या आवाजात फोन आला, "बांध फोडा, पळा," तर गाव काय करेल? काशीबाई म्हणाली, "त्यात काय? इचारायचं, काल कालवन कसलं व्हतं? त्या मशिनीला काय म्हाईत?" साहेब आधी हसले, मग वहीत लिहून घेतलं. आता आमच्या गावाचा हाच नियम झालाय. मोठा निरोप आला की आधी कालवण विचारायचं. तूही पाळ.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. सगळ्यांनी आग्रह करून ऋत्विकला ठेवून घेतला. पण जमेना रे दादा. सगळे त्याच्याशी इतकं गोड बोलत होते की त्याला घास गिळवेना. देवळात तो त्याच खांबाजवळ बसला आणि कुणीही त्या खांबाकडे बघेना. दुपारी भजन सुरू झालं. मृदंगावर बसणारा निकेश कंपनीत शिफ्टला गेलेला, नुसत्या टाळांवर रडत चाललं होतं. ऋत्विकने हळूच विचारलं, "मी वाजवू?"

वाजवला. गावी वडील भजनी मंडळात आहेत म्हणे त्याचे. थोडा वेळ गेला आणि कान्हूकाकाने टाळ वाजवायचे थांबवले. मान वाकडी करून ऐकू लागला. मग भर भजनात ओरडला, "ह्योच! आरं, ह्योच त्यो! पेटीवर ह्योच वाजवत व्हता!"

दादा, तो बांधावर बसून भजनाचा ठेका धरत होता. यंत्राचा आकडा येईपर्यंत वेळ जात नव्हता म्हणून. ते ऐकून आम्ही आठ माणसं धावलो होतो.

आधी ऋत्विकच हसायला लागला, मृदंगावर डोकं टेकून. मग काशीबाई, मग सगळं देऊळ. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला टोमणा मारला. कान्हूकाका म्हणाला, "मंग तवाच सांगायचंस ना, तुकोबा व्हता म्हून!" तो म्हणाला, "काका, तोंडात भात होता." त्यानंतर तो पोटभर जेवला.

तर शास्त्रीबुवा, तुझा तो चौथा अर्थ, ज्याचा मला उपयोग नव्हता. कोशवाल्यांनी काय बघून लिहिला असेल माहीत नाही, पण त्यांच्या गावातही एखादा कान्हूकाका असणार.

सोमवारी त्याच्या कंपनीला कागद पोचला. कालपासून तो परत बांधावर येतो. व्हिडिओ अजून फिरतोय, आता तो कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातल्या खाडीचा झालाय. तुझ्याकडे परत आला तर खाली लिही, आमचा आहे. मराठीत लिही.

वहिनीला सांग, तिला सगळे चेहरे ओळखीचे वाटतात तेच बरं आहे.

अनिता

ता. क. काल कालवण निवट्यांचं होतं. पत्र माझंच आहे.